आठवी ‘ब’ची पूर्ण हजेरी

तालुक्याच्या शिक्षण खात्याला रोज सकाळी पावणेनऊच्या आत वर्गाचा फोटो लागायचा. सगळी मुलं उभी, सगळी गणवेशात, तोंडं समोर. खाली आकडा लिहायचा: पटावर किती, हजर किती. फोटो उशिरा आला किंवा आकडा घसरला, की त्या वर्गाच्या बाईचं नाव हजेरीच्या ग्रुपवर झळकायचं, आणि शनिवारच्या सभेत तिला सगळ्यांसमोर उभं करून खुलासा मागायचे. मुलांना काय येतं, हे मात्र चोवीस वर्षांच्या नोकरीत मास्तुराला खात्यातल्या एकानेही कधी विचारलं नव्हतं.

मास्तुरा आठवी ‘ब’ची वर्गशिक्षिका. नमनगान शहराच्या अलीकडे, कापसाच्या शेतांच्या मधोमध असलेल्या याच शाळेत ती शिकली आणि इथेच चिकटली. गावातल्या निम्म्या सुना तिच्या हाताखालून गेलेल्या. तोंडाने फटकळ बाई; सगळे तिला ओपा, म्हणजे ताई, म्हणायचे. मुलं तिला टरकून असायची आणि मधल्या सुट्टीत पुन्हा तिच्याच टेबलाभोवती घुटमळायची. फोटोच्या कलेत तर ती आता चांगलीच मुरली होती. ज्याच्या अंगात निळं जाकीट नाही, तो मागच्या रांगेत, उंच पोराच्या पाठीशी. ज्याच्या पायात घरचे रबरी गलोश, तो बाकाच्या आड.

“दोस्तोन, मान वर कर की रे जरा,” ती म्हणायची. “खात्याला तुझं थोबाड बघायचंय. माझ्या नशिबी तर ते रोजचंच आहे.”

मुलं हसायची, त्या हसण्यातच ती फोटो काढून घ्यायची, आणि दिवस सुरू व्हायचा.

त्या जानेवारीत नवा हुकूम आला. सोमवारी फाटकातच गणवेश तपासायचा. ज्याचा नीट नाही त्याला घरी पाठवून बदलून आणायला लावायचं. मुख्याध्यापक रहमनकुल आका स्वतः टोपी सरळ करून फाटकात उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, पण निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, आणि अशा माणसाला कागदाची फार भीती असते. त्यांनी शाहलोला अडवलं. शाहलो आठवी ‘ब’मधली, चौदा वर्षांची, दोन वेण्यांची, भूमितीत वर्गात पहिली. तिच्या पांढऱ्या सदऱ्याच्या डाव्या खांद्यावर पिवळट डाग होता.

“हा काय गणवेश आहे? सदरा आहे का पोतेरं?” रहमनकुल आकांनी विचारलं. “गेल्या आठवड्यातही हा डाग होता. घरी पाणी नाही का तुमच्या?”

“आहे, आका.”

“मग जा. धुऊन, बदलून ये. आणि लवकर ये, हजेरी जायची आहे.”

मागे पोरांची रांग होती. कुणीतरी फिसकन हसलं. शाहलो वळली आणि गेली. ती काही त्या दिवशी परत आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. गुरुवारी सकाळी आकांनी मास्तुराला खोलीत बोलावलं.

“ओपा, तुमच्या वर्गात तीन दिवस झाले एक कमी आहे.”

“तुम्हीच घालवलीत की दारातून.”

“मी सदरा बदलायला पाठवली. घरी बसायला नाही पाठवली.”

“चौदा वर्षांची पोरगी अख्ख्या शाळेसमोर बोलणी खाऊन उड्या मारत परत येईल होय?”

“हे मला नका सांगू,” आका वैतागून म्हणाले. “गणवेश नसला तरी माझीच मान, हजेरी नसली तरी माझीच मान. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तुम्ही जा, आणि आणा तिला. उद्या आकडा पूर्ण पाहिजे.”

शाळा सुटल्यावर मास्तुरा निघाली. पाटावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. शाहलोच्या अंगणात दोरीवर एकुलता एक पांढरा सदरा वाळत घातलेला होता आणि थंडीने तो लाकडासारखा कडक झाला होता. दार शाहलोनेच उघडलं, अर्धंच.

“ओपा, आत नका येऊ. पसारा आहे.”

“पसाऱ्याला कोण भितंय? सरक.”

आत शेगडीजवळ बेशिक होता, बाळाला बांधून निजवायचा लाकडी पाळणा. त्यावर जांभळ्या मखमलीची झूल. शाहलो पुन्हा घमेल्याशी जाऊन बसली, हातांनी फडकी पिळू लागली आणि डाव्या पायाने पाळणा हलवू लागली. आपण तो हलवतोय, हेही तिच्या ध्यानात नव्हतं. मास्तुराने झूल उचलली. आत आठ महिन्यांचं पोर, हातापायांवरून रुंद पट्ट्या घेऊन नीट बांधलेलं, गाल तापाने लाल. शाहलोचा भाऊ, तोख्तासिन. त्याच्या आधीचे दोघे वाचले नव्हते, म्हणून हा थांबू दे, असं म्हणून ठेवलेलं नाव.

बाप तो पोटात असतानाच वारला होता. आई, सोजिदा, सप्टेंबरात रशियात शिवणकारखान्यात कामाला गेली, पोरं सासूवर सोडून. आणि नोव्हेंबरात सासूही वारली. मास्तुरा स्वतः भेटायला येऊन गेली होती तेव्हा.

“तेव्हा तुझी आत्या होती ना इथे?” तिने विचारलं.

“आजीच्या चाळिसाव्या दिवसापर्यंत होती. मग कोकंदला गेली. तिची सून बाळंत व्हायची आहे.”

“मग तू शाळेत यायचीस तेव्हा याला कोण बघायचं?”

शाहलो फडकं पिळत राहिली. “दूध पाजायचे, बांधायचे आणि यायचे. मोठ्या सुट्टीत धावत येऊन बघून जायचे. शेजारची काकू भिंतीला कान देऊन असते.”

मास्तुराला एकदम आठवलं की मोठ्या सुट्टीनंतर ही पोरगी रोज धापा टाकत वर्गात शिरायची, आणि ती तिला रोज टोमणा मारायची: आल्या राणीसाहेब, चहा झाला का? आता तो टोमणा तिचा तिलाच लागला. ती शेगडीजवळ बसली.

“आईला कळवलंस?”

“ती यायला निघाली होती. पासपोर्ट कारखान्याच्या मालकाकडे आहे. मार्चपर्यंत देणार नाही म्हणाला. नवरोझच्या सणाला येते म्हणाली.” आणि मग शाहलोने घमेल्यातून हात काढले आणि ती भराभर बोलू लागली. “ओपा, कुणाला सांगू नका. मामासोली बोवा म्हणतात, सरकारला कळलं तर बाळाला उचलून नेतील. आई नसलेलं बाळ म्हणून नेतील, आणि मग आई आली तरी देत नाहीत लवकर. नवरोझपर्यंतच हो. पासष्ट दिवस उरलेत. मी मोजलेत.”

मामासोली बोवा म्हणजे तिच्या आजोबांचे धाकटे भाऊ, गल्लीच्या पलीकडे राहणारे. बायको आंधळी, स्वतः सत्तरीचे. गल्लीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि सगळ्यांनी मूठ झाकून ठेवली होती. कुणी शोर्प्याचं, मटणाच्या रश्श्याचं भांडं आणून द्यायचं, कुणी कोळसा. तोंडातून मात्र कुणी ब्र काढला नव्हता.

जेवायच्या दस्तरखानावर अर्धा नान पडला होता. मास्तुराने त्यावर हात ठेवला. भाकरीवर हात ठेवून खोटं बोलणारा माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचाय.

“माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही,” ती म्हणाली. “पण शाळा बुडवायची नाही. तू बुडवलीस तर मोहल्ल्याच्या कचेरीतली माणसं आपोआप इथे येतील, पाठोपाठ पोलीस येईल. याचा ताप उतरला की याला घेऊन ये.”

“शाळेत?”

“मग काय चंद्रावर? पाळण्यासकट आण.”

सोमवारी सकाळी सात वाजता, रहमनकुल आका यायच्या आत, दोस्तोन आणि आणखी एक पोरगा पाळणा दोन्हीकडून धरून मागच्या दाराने शाळेत घेऊन आले. कोळशाच्या भट्टीला लागून झाडलोट करणाऱ्या हफीजा खोलाची, म्हणजे हफीजामावशीची, छोटी खोली होती. शाळेत उबदार अशी तेवढीच एक जागा. म्हातारीला विचारलं, तर ती म्हणाली, “विचारतेस काय? ठेव. झाडूशी बोलून बोलून माझी जीभ वाळली.” सदरा मास्तुराने घरून आणला, स्वतःच्या मुलीचा जुना, आणि शाहलोचा डाग पडलेला धुवायला नेला.

दोन दिवसांनी आकांना भट्टीच्या बाजूने रडणं ऐकू आलं. ते खोलीच्या दारापर्यंत गेले, दारातच थांबले आणि मास्तुराकडे वळले. “मी काही पाहिलं नाही, ओपा. आणि जे मी पाहिलंच नाही, त्याला परवानगी कशी देऊ?” असं म्हणून ते निघून गेले. दुपारी भट्टीत नेहमीपेक्षा एक बादली कोळसा जास्त पडला.

पुढचे तीन-साडेतीन आठवडे आठवी ‘ब’ला कुणाची दृष्ट लागावी असे गेले. जी पोरं थंडीच्या नावाखाली घरी लोळायची, तीही यायला लागली. सुट्टीत भट्टीपाशी रांग. “आज कुणाचा नंबर पाळणा हलवायचा?” यावरून भांडणं. एकाने घरून शेळीचं दूध आणलं, एकीने टकुचं विणलं. शाहलो मोठ्या सुट्टीत धावायची थांबली आणि पहिल्यांदाच वर्गात बसून समसा खाऊ लागली. रोज सकाळी ती उरलेले दिवस मास्तुराला कानात सांगायची. एकावन्न. त्रेचाळीस.

हजेरी पूर्ण. सत्तावीसपैकी सत्तावीस, रोज. ग्रुपवर खात्याने लिहिलं: आठवी ‘ब’ने इतरांना आदर्श घालून दिला आहे. शनिवारच्या सभेत मास्तुराला उभं केलं ते टाळ्या वाजवण्यासाठी. खरं सांगायचं तर तिला ते आवडलं. चोवीस वर्षांत कुणी टाळी वाजवली नव्हती, आणि माणूस शेवटी माणूस असतो. त्या शनिवारनंतर ती फोटो अधिक निगुतीने काढू लागली. सदऱ्यांच्या कॉलरी स्वतः सरळ करायची.

फेब्रुवारीत एके दिवशी हफीजा खोला भाच्याच्या लग्नाला गेली. भट्टीशेजारच्या खोलीला कुलूप. मग पाळणा वर्गातच आणला आणि मागच्या भिंतीशी, नकाशाखाली ठेवला. फोटोच्या वेळी दोस्तोनला त्याच्या पुढे उभं केलं. वर्गातला सर्वात उंच आणि रुंद पोरगा तोच, त्याच्यामागे बैलगाडी लपली असती. मास्तुराने फोन धरला, आणि तिचं लक्ष त्याच्या अंगाकडे गेलं. लालभडक स्वेटर.

“जाकीट कुठेय?”

“शेगडीवर वाळत घातलं होतं, ओपा. जळलं.”

“सगळ्या पांढऱ्या-निळ्यात तू एकटा लाल मिरचीसारखा. हो बाजूला. आकड्यात धरते मी तुला.”

दोस्तोन बाजूला झाला. मास्तुराने सदरे बघितले, कॉलरी बघितल्या, वेण्या बघितल्या. सगळं झकास होतं. आठ वाजून त्रेचाळीस मिनिटांनी फोटो गेला.

साडेअकराला रहमनकुल आका वर्गात आले. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी फोन तिच्यापुढे धरला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. मुलांच्या दोन रांगांमध्ये, जिथे दोस्तोन असायला हवा होता, तिथे जांभळी मखमल आणि पाळण्याची रंगीत मूठ स्वच्छ दिसत होती.

“काढून टाका ग्रुपवरून,” मास्तुरा म्हणाली.

“काढला. पण त्याआधी अठ्ठेचाळीस जणांनी बघितला. खात्यातून फोन आलाय, वर्गात पाळणा कुणाचा म्हणून. ओपा, मी आता नाही बघितलं असं म्हणू शकत नाही.”

खात्याची माणसं आली ती दुसऱ्या दिवशी. नसीबा नावाची बाई, मऊ बोलणारी, मुलांसाठी बिस्किटं घेऊन आलेली. मोहल्ल्याच्या कचेरीतली कार्यकर्ती मंझुरा. आणि एक कोवळा पोलीस, जो सगळा वेळ दाराबाहेर आपल्या बुटांकडे बघत उभा होता. कुणी ओरडलं असतं तर मास्तुरालाही ओरडता आलं असतं. पण कुणी ओरडलंच नाही.

“चौदा वर्षांच्या लेकराने बाळ सांभाळायचं?” नसीबा हळहळून म्हणाली. “तिचं शिक्षण बुडतंय, ओपा.”

“कुठे बुडतंय? महिनाभर एक दिवस चुकवलेला नाही. तुमच्याच ग्रुपवर बघा की.”

“वर्गात बाळ घेऊन? उद्या काही झालं तर जबाबदार कोण?”

“मी.”

“तुम्ही त्याच्या कोण?”

मास्तुराने पाळण्याकडे बघितलं. मग म्हणाली, “मी नेते त्याला माझ्या घरी. नवरोझला त्याची आई येतेय. सदतीस दिवस. सदतीस दिवसांनी कुणाचं काय बिघडतं?”

“न्या की. चांगलंच आहे,” नसीबा मनापासून म्हणाली. “अर्ज करा. यजमानांची संमती, दोघांचा वैद्यकीय दाखला, घराची पाहणी, मग समिती बसेल. दीड-दोन महिने धरा.”

“तोवर आई आलेली असेल!”

“तिलाही अर्ज करावा लागेल. तान्हं मूल टाकून सहा महिने परदेशी राहिलेली बाई. तिचे हक्क ठेवायचे की नाही, ते कोर्ट ठरवेल. मी नाही ठरवत, ओपा. माझ्या हातात काय आहे?”

तेच खरं होतं. कुणाच्याच हातात काही नव्हतं, आणि तरी सगळ्यांनी मिळून ते केलं. मंझुराने मामासोली बोवांना आणलं. म्हाताऱ्याने टोपी काढून हातात धरली होती. “मुलीला ठेवतो मी,” तो पुटपुटला. “ती करून खाते, आम्हालाही करून घालते. पण तान्हं पोर… बायकोला दिसत नाही माझ्या. तिच्या हातून पडलं-बिडलं तर?” त्याने दाखवलेल्या जागी सही केली. बाळ शहरातल्या बालगृहात जाणार, शाहलो बोवांकडे राहणार आणि रोज शाळेत येणार, असं ठरलं. मुलीच्या हजेरीचा प्रश्न आता सुटला, मंझुरा समाधानाने म्हणाली.

शाहलो रडली नाही. तिने पट्ट्या सोडल्या, बाळाला खांद्यावर घेतलं, त्याने तिची वेणी मुठीत पकडली. ती नसीबाला सांगत होती, शिक्षिकेने धडा सांगावा तसं, सावकाश:

“याचा डावा हात पट्टीबाहेर ठेवायचा. दूध दोनदा पाजायचं, एकदम नाही, नाहीतर ओकतो. पाळणा हलवताना जोरात नाही, नुसता पायाने.”

“तिथे पाळणे नाहीत गं, बाळा. छान कॉट आहेत.”

“मग हा झोपणार कसा?”

नसीबाने बिस्किटांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. दाराबाहेरच्या पोलिसाने घसा खाकरला. वेणी सोडवायला शाहलोला स्वतःच त्याची बोटं एकेक करून उघडावी लागली. गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा त्याचं रडणं वर्गापर्यंत ऐकू येत होतं.

दोस्तोन बाकावर डोकं घालून बसला होता. “ओपा, मी हललो नसतो तर…”

“तू नाही रे हललास. मी हलवलं तुला,” मास्तुरा म्हणाली आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. तिला फळ्यावर काही लिहायचं नव्हतं.

जाण्यापूर्वी नसीबाने शाहलोला खात्याकडून दोन कोरे सदरे आणि निळं जाकीट दिलं होतं. बाई चांगलीच होती, हेही सांगायला हवं.

त्यानंतर शाहलो एक दिवस चुकली नाही. पहिली यायची, शेवटची जायची. दोन्ही खांदे पांढरेशुभ्र. भूमितीत मात्र तिला आता काही येत नव्हतं. विचारलं तर उभी राहायची आणि वहीकडे बघत राहायची. दिवस मोजणंही तिने सोडलं. आईचे फोन आले की ती उचलायची नाही. काय बोलू, असं तिने एकदाच मास्तुराला विचारलं. गल्लीतल्यांनीही सोजिदाला काही कळवलं नव्हतं. परमुलखात एकटी बाई, पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात. तिला सांगून तिने काय भिंतीवर डोकं आपटायचं?

मास्तुराने अर्ज केला. नवऱ्याला चार दिवस समजावलं, पाचव्या दिवशी तो चडफडत सही करायला आला. तिच्या फुप्फुसाचा दाखला जिल्ह्याला गेला तो तिकडेच अडकला. सरकारी काम आणि सहा महिने थांब. एका रविवारी ती शाहलोला घेऊन बालगृहात गेली, शेळीचं दूध आणि टकुचं घेऊन. दारातली बाई म्हणाली, मुलीसोबत पालक पाहिजे, आणि पालकाकडे कागद पाहिजे. बोवा आले नव्हते, त्यांचे गुडघे धरले होते. दोघी तासभर जिन्यात बसल्या. आत कुठेतरी खूप बाळं एकदम रडत होती. शाहलो कान देऊन ऐकत होती.

“यातलं कुठलं आपलं, ते कळत नाही, ओपा,” ती म्हणाली. मग त्या परत आल्या.

मार्चच्या अकरा तारखेला, दुसऱ्या तासाला, मास्तुराचा फोन वाजला. रशियाचा नंबर. व्हिडिओ. तो घ्यायचा की नाही याचा विचार करायच्या आतच तिचं बोट पडलं. पडद्यावर सोजिदा होती, डोक्याला रुमाल, मागे शिलाईयंत्रांची रांग.

“ओपा! मी सोजिदा! वर्गात आहात का? माफ करा हं. शाहलो चार आठवडे फोनच घेत नाही, अभ्यासात असेल माझी बाय. ओपा, पासपोर्ट मिळाला! आत्ता हातात आहे, हा बघा!” तिने तो पडद्यासमोर नाचवला. “वीस तारखेचं विमान. शाहलोने सगळं सांगितलंय मला जानेवारीत, तुम्ही माझ्या पोराला शाळेत उबेला ठेवलंत ते. मी तुमचे पाय धरणार आहे आल्यावर. शाल घेतलीय तुमच्यासाठी. नाही म्हणायचं नाही!”

सत्तावीस मुलं ऐकत होती.

“ओपा, आहे का तो तिथे? एकदा दाखवा ना. नुसतं लांबून. किती मोठा झाला असेल. बोलणार नाही मी, उठवणार नाही. नुसता फोन तिकडे वळवा.”

मास्तुराने वर बघितलं. शाहलो बाकातून उठून उभी राहिली होती. तिने मान हलवली. नाही. सांगू नका. कारखान्यात, परक्या माणसांत, एकटीला नका सांगू, असंच तिचा चेहरा म्हणत होता.

“झोपलाय गं,” मास्तुरा म्हणाली. “हफीजा खोलाच्या खोलीत. आत्ताच डोळा लागलाय.”

“मग राहू दे, राहू दे! झोप मोडली की दिवसभर किरकिरतो मेला.” सोजिदा हसली आणि हसता हसता रुमालाच्या टोकाने डोळे पुसले. “नऊच दिवस तर राहिलेत. आता मी त्याला पुन्हा खाली ठेवायची नाही. उठला की त्याच्या कानात सांगा, आई निघाली म्हणून.”

“सांगते.”

पडदा काळा झाला. मास्तुराने फोन टेबलावर पालथा ठेवला. शाहलो अजून उभीच होती, कोऱ्या सदऱ्यात, हात बाजूला सरळ.

“ओपा,” तिने विचारलं, “नऊ दिवसांत देतील का त्याला?”

मास्तुराने तिच्याकडे पाहिलं. समितीची तारीख मे महिन्यातली होती आणि कोर्टाची अजून लागलीच नव्हती. एकाच तासात दुसऱ्यांदा खोटं बोलायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली.